एक-दहाची हाक

१

फोनमधला तो आवाज आधी हसायचा, मग बोलायचा.

"काय गं पिलू, पाण्यात बुडबुडे येतात ना?"

"येतात."

"मोठाले की बारीक?"

"बारीक. मोत्यांच्या सरीसारखे."

"आणि काटा?"

"निम्म्यावर आहे. बाबा झोपलेत."

"झोपू दे, झोपू दे. मग घे आता कोडं. उत्तर आज नाही हां सांगायचं. उद्या."

ही गोष्ट ब्याण्णव सालची. आम्रपाली तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे बाबा नारायण पेठेतल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. जुळवता जुळवता छातीचा भाता फाटला आणि कर्वेनगरच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, काळ्या अंगाचा नि पांढऱ्या मानेचा प्राणवायूचा सिलिंडर येऊन उभा राहिला, वर दाबाचा काटा आणि शेजारी बुडबुड्यांची पाण्याची बाटली घेऊन. फोन तळमजल्यावर राधाकाकूंकडे. शाळा सकाळची. दुपारी एकनंतर फोन वाजला की आम्रपाली जिना उड्या मारत उतरायची. कोण बोलतं, कुठून बोलतं, काही ठाऊक नव्हतं. आपल्या बाबांच्या श्वासाची चौकशी करणारं एक माणूस जगात आहे, एवढंच ठाऊक होतं.

एका बुधवारी त्या आवाजाने कोडं घातलं:

"एवढीशी नार, तिला डोळा एक,
मागं लांब शेपूट, चालायची नेक;
फाटलं दिसलं की थांबते जरा,
सांधून झालं की निघाली घरा."

उत्तर तिला तिथल्या तिथे आलं होतं. पण बोली उद्याची होती. गुरुवारी फोन वाजला, वाजत राहिला, आणि ती खाली गेली नाही. उत्तर ओठांवर होतं. ते तिथेच राहिलं.

आता दोन हजार सात साल उजाडलं होतं. आम्रपाली सॉफ्टवेअर कंपनीत आर्किटेक्ट झाली होती. घरोघरी प्राणवायू पोचवणाऱ्या 'प्राणदा वायू' कंपनीचं काम आलं, तेव्हा तिने ते मागून घेतलं. का, हे कुणाला सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात तिने कर्मचारी विभागात सहज विचारलं होतं, "रुग्णांना फोन करणारं कुणी होतं का हो तुमच्याकडे?" उत्तर मिळालं, "छे! असं पदच कधी नव्हतं."

प्राणदाचा जुना प्रोग्रॅम म्हणजे एक अगडबंब गाठोडं होतं. एक सूत ओढलं की सगळं वस्त्र हलायचं. गाड्यांचा मार्ग बदलला तर रुग्णांचे पत्ते बिघडायचे. आम्रपालीने वर्षभर खपून ते गाठोडं सोडवलं आणि कामं वेगवेगळी बसवली. रुग्णांची माहिती एका घरी, पोचवलेल्या सिलिंडरची दुसऱ्या, गाड्यांची तिसऱ्या. प्रत्येक घराला दार आणि दारावर पाटी: मला काय विचारायचं आणि मी काय सांगेन. कुणीही यावं, परवलीचा शब्द सांगावा, उत्तर घेऊन जावं. आतला कारभार बदलला तरी पाटीवरचा शब्द मोडायचा नाही. शिकलेली माणसं याला एसओए म्हणत, म्हणजे सुट्या सेवांची रचना. आम्रपालीला त्यात जात्यावरच्या ओवीची रीत दिसे. एकीने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची, आणि दळण सगळ्या घराचं.

नवं सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. सोमवारी सकाळी ती दारांवरच्या नोंदी वाचत होती, इतरांनी पेपर वाचावा तशी. वाचता वाचता थबकली.

रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी तिन्ही दारं ठोठावत होतं. एकामागून एक, त्याच क्रमाने. दहा-पंधरा-सतरा घरगुती रुग्णांची माहिती घेऊन जात होतं. तिने बांधलेल्या कुठल्याच कामात हा प्रश्न नव्हता. आणि परवलीचा शब्द होता तात्यारावांचा.

२

"म्हणजे चोरी," संचालक अनिरुद्ध म्हणाले. "गेल्या महिन्यात पाच घरगुती रुग्ण आपल्याकडून गेले. आता कळलं कुठे गेले ते. कुणीतरी याद्या बाहेर विकतंय."

"सर, अजून काहीच सिद्ध—"

"शनिवारी दुपारपर्यंत सिद्ध करा. नाही झालं तर तात्यारावांविरुद्ध पोलिसात तक्रार. आणि तुमची ती दारं-बिरं बंद. तळघरातलं जुनं यंत्र अजून जिवंत आहे."

उद्घाटनाला याच अनिरुद्धांनी भाषण ठोकलं होतं, "ही नवी रचना म्हणजे आपले बारा बलुतेदार!" तेव्हा आम्रपाली शांतपणे म्हणाली होती, "सर, बलुतेदारीत उरलंसुरलं कुणाच्या वाट्याला यायचं, ते माझ्या आजोबांना चांगलं माहीत होतं. इथे तसं नाही. इथे दार सगळ्यांना सारखंच उघडतं." मागच्या रांगेतून एकच माणूस खो खो हसला होता. तो तात्याराव.

तात्याराव संगणक विभागाचे प्रमुख. जुना प्रोग्रॅम त्यांनी एक्याण्णव साली एकट्याने लिहिलेला. निवृत्तीला दोन महिने उरलेले. ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाने निगुतीने पुसत होते.

"या. फाशी कधी आहे?"

"तात्या, चेष्टा नको. तुमचा शब्द दुसरं कुणी वापरतं का?"

"शब्द माझा. विचारणाराही मीच. झालं समाधान?"

"रोज एक-दहाला?"

"रोज एक-दहाला."

"कशासाठी?"

"म्हातारपणी छंद लागतात माणसाला. कुणी बागकाम करतं."

"तात्या, तुम्हाला तुरुंगात जावं लागेल."

"तिथे कँटीन बरं असेल तर माझी हरकत नाही."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. कँटीन. एक ते दोन सगळ्या कचेरीला जेवणाची सुट्टी. वर्षभर रोज एक वाजता हा माणूस तिच्यासमोर बसून उसळीत शेव घालून जेवत होता, आणि दोनदा मीठ मागत होता.

तात्याराव खोटं बोलत होते. ज्या वेळी चोरी केल्याचं ते कबूल करत होते, त्या वेळी ते तिच्याच नजरेसमोर होते.

मग हा खवचट, सरळ मनाचा म्हातारा कुणासाठी स्वतःची मान पुढे करत होता?

३

निकिता घरगुती रुग्णांची विक्री बघायची. वय पंचवीस, बोलणं बंदुकीच्या फैरीसारखं.

"पाच पेशंट पळवले? ओ प्लीज! पाचातले तीन रिकव्हर झाले, मॅडम. दोघं मुलाकडे बंगलोरला शिफ्ट झाले. मी रिपोर्ट दिलाय. सरांनी ओपन केला असता तर कळलं असतं ना!"

"एक-दहाला तू कुठे असतेस?"

"कँटीनमध्ये. तुमच्या मागच्या टेबलवर. तात्यांचे टोमणे फुकट ऐकायला मिळतात."

म्हणजे कुणी पळवलंच नव्हतं. पण अनिरुद्धांना एवढ्याने पटणार नव्हतं. दार ठोठावणारा हात समोर हवा होता.

आम्रपालीने नोंदी पुन्हा मांडल्या. बाहेर कुणाला विकायची यादी असती तर तिच्यात पत्ते असते, डॉक्टरांची नावं असती. या माणसाने तसलं काही कधी मागितलं नव्हतं. पहिल्या दाराशी विचारलं होतं, या रुग्णाला दिवसाला किती वायू लागतो. दुसऱ्या दाराशी, शेवटचा सिलिंडर कधी पोचला. तिसऱ्या दाराशी, पुढची गाडी कधी. तिने कागदावर आकडे लिहिले, वजाबाकी केली, आणि यादीचा अर्थ उलगडला. पुढची गाडी येण्याआधी ज्यांचा वायू संपेल, त्यांचीच ही यादी होती. बुधवारी ती लांबायची, कारण गुरुवारी कात्रजचा डेपो बंद, कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी.

हा प्रश्न तिच्या चमूत कुणालाच सुचला नव्हता. आणि कुणीतरी तिच्या तीन दारांची एक माळ ओवून तो रोज विचारत होतं. राग यायच्या ऐवजी तिच्या मनात कौतुकच दाटून आलं. याचसाठी तर बांधली होती ही दारं!

आता वेळा. एरवी एक-दहा. गुरुवारी बरोबर एक. आणि शुक्रवारी बारा वाजून वीस.

शुक्रवार पाहताच अनिरुद्धांनी टेबलावर थाप मारली. "अझीम! डेपोचा अझीम तांबोळी. शुक्रवारी एकला नमाजाला जातो."

"मागणी या इमारतीतून येते, सर. अझीमभाई कात्रजला असतात."

"इमारतीतून म्हणजे कुठून?"

"तेवढंच कळत नाही. इथले ऐंशी संगणक एकाच फाटकातून बाहेर पडतात, म्हणून नोंदीत सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो."

अझीमभाई पन्नाशीचे, दाढीला मेंदी, हातात गाड्यांच्या वेळांची पाटी. बुधवारी ती डेपोवर गेली तर ते ड्रायव्हरला झापत होते, "अरे बाबा, सिलिंडर हाय तो, नवरदेव न्हाई! आडवा कशाला निजवलायस?" तिच्याकडे वळताच भाषेने टोपी नीट केली.

"बोला मॅडम. आपण मला संशयित समजून आलात की पाहुण्या म्हणून?"

"आधी चहा पाजा, मग ठरवू. एक वाजता तुम्ही काय करता?"

"ऑफिसला कळवतो. कुठलं घर कुलूपबंद मिळालं, कुठे सिलिंडर राहिला. शुक्रवारी सव्वाबारालाच कळवतो, मशिदीत जायचं असतं."

"आणि मग?"

"मग दोनला ऑफिसातून नावं येतात. दुपारच्या गाडीत ही घरं आधी घ्या म्हणून."

"ऑफिसातलं कोण सांगतं?"

अझीमभाईंनी कप खाली ठेवला. विचार करून करून म्हणाले, "खरंच की. कोण सांगतं? ऑफिस म्हणजे ऑफिस. पंधरा वर्षांत मी विचारलंच नाही."

४

परतल्यावर ती स्वागतकक्षामागच्या छोट्या खोलीत डोकावली. तिथे टेलिफोनचा बोर्ड होता, आणि बोर्डापाशी सुशीलाबाई. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, कानांवर हेडफोन, शेजारी नवाच मिळालेला संगणक. पुढच्या महिन्यात आपोआप जोडणारं यंत्र बसणार होतं, मग ही खुर्ची उठणार होती.

"प्राणदा, कुणाकडे देऊ?… देते… प्राणदा, कुणाकडे देऊ?" कोरडा, कामाचा, चावी दिल्यासारखा आवाज. मधल्या फटीत त्या वळल्या. "बोला मॅडम."

"अझीमभाई एकला फोन करतात, तो तुम्ही कुणाला जोडून देता?"

बाईंचा हात वायरीवर थबकला. "ज्याचा असेल त्याला. मी फक्त जोडून देते हो. आत काय बोलतात ते ऐकायची आमची रीत नाही."

अडीच वाजत आले होते. बाईंचा डबा खिडकीत तसाच होता, झाकणाला बांधलेल्या फडक्याची गाठसुद्धा सुटली नव्हती.

गुरुवारी डेपो बंद. अझीमभाई मोकळे. आम्रपालीने सकाळीच फोन केला, "चला, कालच्या यादीतलं एक घर दाखवा मला." त्यांच्या स्कूटरवर मागे बसून ती नारायण पेठेत आली. बाबांचा छापखाना होता ती गल्ली आली तेव्हा तिने तिकडे नजर वळवली नाही, नुसता वास घेतला. शाईचा वास केव्हाच विरला होता.

एका बोळातल्या खोलीत गेनबा राहायचे. मंडईत उभा जन्म पाट्या उचललेला माणूस. बायको गेलेली, पोरगं नाही. नाकात नळी, पण मिशीला पीळ.

"या, या! अझीमशेट, आज गुरवारी कसं काय? आन् ही कोन?"

"ऑफिसच्या मॅडम आहेत. बघायला आल्या."

"बघा की! एक्केचाळीस सालचा माल हाय, जपून बघा." आणि हसता हसता खोकले.

सिलिंडरशेजारच्या बाटलीत बुडबुडे चढत होते. बारीक, मोत्यांच्या सरीसारखे. आम्रपाली त्यांच्याकडे बघत राहिली.

एक वाजून बारा मिनिटांनी उशापाशी फोन वाजला.

"आली!" गेनबांचा चेहरा उजळला. "घड्याळ चुकंल, ही न्हाई चुकायची. हां, बोला बाई… बेस हाय… येत्यात की, बारीक येत्यात… अवो, आज पाव्हनी आलीया माझ्याकडं. घ्या, तिच्यासंगट बोला."

आणि नको नको म्हणेपर्यंत त्यांनी रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

पलीकडे आवाज आधी हसला, मग बोलला.

"कोण आलंय गं पाहुणं? काटा बघून सांग बरं मला, पिलू. कुठे आहे?"

पंधरा वर्षं आणि तीन मजले आम्रपाली एका दमात उतरून आली होती. तिने काट्याकडे पाहिलं, रिसीव्हर गेनबांच्या हातात दिला आणि बोळात येऊन भिंतीला टेकली.

"काय झालं मॅडम?" अझीमभाई धावत आले. "ओळखीचा आवाज होता का?"

"हो," ती म्हणाली. "पण माणूस कोण ते मला आता कळलं."

५

शनिवारी अकराला अनिरुद्धांच्या खोलीत सगळे जमले. अनिरुद्ध, निकिता, अझीमभाई. तात्याराव खिडकीपाशी, कोर्टात निकाल ऐकायला उभं राहावं तसे. दाराशी सुशीलाबाई. त्यांना आम्रपालीने बोलावलं होतं. का, हे बाकी कुणाला कळलं नव्हतं.

"आधी सांगते की चोरी झालेली नाही," आम्रपाली म्हणाली. "निकिताच्या रिपोर्टमध्ये पाचही रुग्णांचा हिशोब आहे, सर. पान तीन."

निकिताने छताकडे पाहिलं.

"आता हात कुणाचा ते बघू. मागणी करणारं यंत्र नाही, माणूस आहे. यंत्राला शुक्रवार कळत नाही. हा माणूस अझीमभाईंच्या फोनची वाट बघतो. एकला फोन आला की एक-दहाला दारं ठोठावतो. शुक्रवारी फोन सव्वाबाराला, मागणी बारा-वीसला. गुरुवारी डेपो बंद, फोन येतच नाही, म्हणून ठोक्याला एक. पण हा माणूस या इमारतीत बसतो. आणि एक ते दोन सगळी इमारत कँटीनमध्ये असते. तात्याराव असतात, निकिता असते, मी असते. मग खुर्चीवर उरतं कोण?"

निकिता बोटांवर नावं मोजू लागली.

"ज्या माणसाला जेवणाच्या सुट्टीतही जागा सोडता येत नाही, तो. ज्याचा डबा अडीच वाजले तरी बांधलेलाच असतो. अझीमभाईंना विचारलं, नावं कोण सांगतं? ते म्हणाले, ऑफिस. त्यांचं चुकलं नाही. रोज आवाज ऐकूनही आपण सगळे समजत होतो की त्या कुणाचा तरी निरोप पुढे देतायत. तारेला स्वतःचं काही म्हणायचं असेल, असं कुणाच्या मनात येतं?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. सुशीलाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"बाईंचा यात काही दोष नाही," तात्याराव पुढे झाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच टोमण्याशिवाय आला. "ब्याण्णव साली या मला म्हणाल्या, तात्या, गुरुवारी लोकांचा वायू संपतो आणि फोनवर ती माणसं रडतात. आधीच विचारता आलं तर? मी तेव्हाच्या मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, आपण वायू विकतो, विचारपूस नाही. मग मी गाठोड्यात एक चोरकप्पा शिवला. रोज दुपारी बोर्डापाशी एक चिठ्ठी छापून यायची. जुन्या यंत्रात सगळं सगळ्यात मिसळलेलं, कुणाला पत्ता लागला नाही. या पोरीने प्रत्येक दाराशी नोंद ठेवली आणि आमचं पितळ उघडं पडलं."

"नवं यंत्र आलं, चिठ्ठी बंद झाली," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "मग तात्यांनी त्यांचा शब्द दिला आणि तीन दारं शिकवली. सोपी होती. पाटीवर लिहिलेलंच होतं, काय विचारायचं ते."

ही पावती आम्रपालीला वर्षभरात कुणी दिली नव्हती.

"पण सांगायला काय झालं होतं?" अनिरुद्ध कडाडले. "नवी व्यवस्था बसवताना प्रत्येकाच्या कामाचा तक्ता भरून घेतला होता. कंपनीचा फोन पंधरा वर्षं—"

"सुट्टीत फोन रिकामाच असतो," तात्याराव म्हणाले. "बोलल्याने झिजत नाही तो."

"सर, त्यांनी सांगितलं होतं," आम्रपाली म्हणाली. तिने फायलीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. काल दुपारभर तक्त्यांचे गठ्ठे उपसून तिला तो सापडला होता. वळणदार अक्षर. एक, फोन जोडणे. दोन, निरोप देणे. तीन, टपाल. चार, विचारपूस, रोज. "प्रत्येक कामापुढे मी एक रकाना ठेवला होता, 'कोणाच्या सांगण्यावरून?' चौथ्या ओळीत तो रिकामा आहे. कारण कुणीच सांगितलेलं नव्हतं. आणि रिकामा रकाना असलेल्या ओळी मी खोडत गेले. ही तांबडी रेघ माझी आहे, सर."

तिने कागद अनिरुद्धांकडे सरकवला.

"दार सगळ्यांना सारखं, असं मी म्हणाले होते. आणि दाराशीच विचारत होते, तुम्हाला कुणी पाठवलं. पोलिसात तक्रार करायचीच असेल तर त्या रकान्याविरुद्ध करा."

अनिरुद्धांनी कागद उचलला. तांबड्या रेघेवरून बोट फिरवलं.

"सर, पंधरा वर्षांच्या नोंदी काल मी चाळल्या," ती म्हणाली. "गुरुवारी गाड्या बंद असतात. तरी गुरुवारी घरी वायू संपून माणूस दगावला, अशी एकही नोंद नाही. हे कसं, असं कुणी कधी विचारलंच नाही."

अझीमभाई पुटपुटले, "या अल्लाह."

"बाई," अनिरुद्धांचा आवाज उतरला होता, "एवढं कशासाठी केलंत हे? सुट्टीसुद्धा घेत नाही म्हणतात तुम्ही."

सुशीलाबाई बोटांनी पदराचा काठ उलगडत राहिल्या. "सुरुवातीलाच एकदा एका घरी फोन वाजत राहिला. गुरुवार होता. कुणी उचलला नाही. पुढे तो नंबर यादीतून गेलाच. आदल्या दिवशी तिथली पोरगी म्हणाली होती काटा निम्म्यावर, आणि मी म्हटलं, मग चालेल शुक्रवारपर्यंत. गाडी पाठवली नाही मी." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "तेव्हापासून सुट्टी घेववत नाही, साहेब."

आम्रपालीने टेबलाची कड घट्ट धरली. बोलावं असं वाटत होतं, आणि एवढ्या माणसांत बोलवत नव्हतं.

६

सोमवारी जुनं यंत्र तळघरातून भंगारात निघालं. जाताना तात्यारावांनी त्याच्यावर एक थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. निकिता बोर्डाच्या खोलीत नवीन टेबल लावून घेत होती. तिच्या विभागातल्या दोन मुली आता बाईंच्या हाताखाली फोनवर बसणार होत्या. "बाई, स्क्रिप्ट काय ठेवायची?" तिने विचारलं. "स्क्रिप्ट कसली गं," बाई म्हणाल्या, "आधी हसायचं, मग बोलायचं."

आम्रपालीने सेवांच्या यादीत एक नवी ओळ घातली. आता अझीमभाईंची गाडी, निकिताच्या विभागातल्या मुली, उद्या एखादा दवाखाना, कुणीही हे दार ठोठावू शकणार होतं. सेवेचं नाव: विचारपूस. जबाबदार व्यक्ती: सुशीलाबाई. 'कोणाच्या सांगण्यावरून' हा रकाना तिने अख्ख्या यादीतूनच काढून टाकला होता.

एक वाजला. कचेरी कँटीनकडे निघाली. तात्यारावांनी दारातून विचारलं, "येताय ना? मीठ कोण देणार मला?"

"तुम्ही व्हा पुढे."

मजला रिकामा झाला. तिने घड्याळ पाहिलं. एक वाजून नऊ. तिने टेबलावरचा फोन उचलला आणि शून्य फिरवला.

"प्राणदा, कुणाकडे देऊ?"

"कुणाकडे नको, बाई. तुमच्याशीच बोलायचंय." तिचा आवाज तिलाच लहान वाटला. "कर्वेनगर. तिसरा मजला. राधाकाकूंचा फोन."

पलीकडे वायरींची खरखर थांबली.

"त्या गुरुवारी मला फोन ऐकू आला होता," आम्रपाली म्हणाली. "सगळे वर आमच्या खोलीत होते, म्हणून कुणी उचलला नाही. बाबा पहाटेच गेले होते. छातीने साथ सोडली. सिलिंडरमध्ये तेव्हाही पुरेसा वायू होता, बाई. मी काटा बघितला होता. बुडबुडे येतच होते. वायू संपला नव्हता. तुमच्याकडून काहीच राहिलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायला मी खाली यायला हवं होतं. मी आले नाही."

तिने डोळे मिटले.

"आणि कोड्याचं उत्तर मला तेव्हाच आलं होतं. सुई."